आईचं ताट

"मग माझ्या ताटात काय पडावं, हे मी कधीच ठरवायचं नाही का, माताजी?"

बस्तीच्या ओसरीवर त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. वारणाकाठच्या त्या गावात जैन मंदिराला बस्ती म्हणतात. निर्झरमती माताजींचा त्या वर्षीचा चातुर्मास तिथं होता. अंगावर पांढरी साडी, जवळ मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. एवढाच त्यांचा संसार.

विचारणारी चेलना मगदूम, पंधरा वर्षांची, दहावीत शिकणारी.

माताजींनी तिलाच विचारलं, "दिवसातून किती वेळा जेवतेस?"

"नाश्ता धरून तीनदा."

"त्यातलं तू काय ठरवतेस?"

"काहीच नाही. सगळं आई ठरवते."

"मी एकदाच जेवते," माताजी म्हणाल्या. "आणि काय शिजावं, हे मी कधीच सांगत नाही."

चेलना पुढं सरकून बसली.

"तुमचं वेगळं आहे, माताजी. मला पळायचंय."

मग तिनं सगळं सांगितलं. शाळेच्या खो-खो संघात ती होती. महिन्याभरापूर्वी संघातल्या मुलींची तपासणी झाली. डॉक्टरांनी तिचे कागद बाजूला ठेवले. रक्त कमी, साखर वरच्या काठावर. या वयात हे बरं नाही, म्हणाले. घरात कुणाला साखर आहे का, असंही त्यांनी विचारलं. होती. पप्पांना सात वर्षांपासून होती, आणि गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याला अंधूक दिसू लागलं होतं.

आणि घरात काय शिजत होतं? सकाळी पुऱ्या. दुपारी तळलेले पापड, संध्याकाळी पुन्हा पुऱ्या आणि साखरेत घोळलेलं काहीतरी. चेलनाची आई रत्नमाला गावात हाताच्या चवीसाठी नावाजलेली होती. तिच्या चिरोट्यांशिवाय कुणाचं लग्न लागत नसे. ती माया करायची ती तुपातून आणि तेलातून.

चेलनानं महिनाभर मोबाईलवर वाचून काढलं. मग एक मोठा कागद घेतला, त्यावर लाल पेनानं यादी केली आणि स्वयंपाकघरात चिकटवला. वर लिहिलं होतं, घरातलं विष.

आत्या आली होती, तिनं तो कागद वाचला आणि विचारलं, "हे काय गं?"

तेव्हा चेलना आत्यासमोर म्हणाली, "खरंच आहे. पप्पांना आईच्या हातानंच साखर लागली."

आईनं कागद काढला. घडी केली, डब्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पुऱ्या केल्या.

चेलनानं ताट सरकवलं.

"दोन दिवस झाले," ती माताजींना म्हणाली. "मी जेवले नाही. आता आईही जेवत नाही. घरात कुणी कुणाशी बोलत नाही."

माताजी ऐकत होत्या.

"तुम्ही तिला सांगा ना. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तळण बंद, साखर बंद, असा एकदा नियम दिलात की झालं."

"आधी घरी जा आणि जेव."

"पण तुम्हीसुद्धा उपवास करता..."

"मी सत्तरीची आहे. तुझी हाडं अजून वाढतायत. जे असेल ते जेव."

"आणि आईला सांगाल?"

"नाही."

चेलनाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं ते.

"उद्या आहाराच्या वेळी घरी थांब," माताजी म्हणाल्या. "आणि बघ."

*

माताजींच्या आहाराची रीत गावात सगळ्यांना ठाऊक होती. सकाळी ज्यांनी सोवळ्यात स्वयंपाक केलेला असे, ती माणसं कलश घेऊन आपापल्या दारात उभी राहत. माताजी मनात काही ठरवून निघत आणि ते जुळेल त्या दारी थांबत. मग बसायचं, दोन्ही तळहातांची ओंजळ धरायची आणि लोक ओंजळीत जे ठेवतील तेच खायचं. तेवढ्या वेळात एक शब्दही बोलायचा नाही.

त्या दिवशी माताजी मगदुमांच्या दारात थांबल्या.

रत्नमालानं हातातला कलश घट्ट धरला. तीन दिवसांची ओढलेली मुद्रा एका क्षणात बदलली. तिनं पहाटेपासून रांधलं होतं. मुगाची आमटी, दुधी, ज्वारीची भाकरी, दूध. आणि मधोमध पितळी पातेल्यात तुपानं चमकणारी खीर. त्या खिरीसाठीच ती उजाडायच्या आधी उठली होती.

चेलना भिंतीला टेकून बघत उभी राहिली.

आईनं पहिल्यांदा खीरच पुढं केली.

माताजींनी ओंजळ मिटली.

कपाळाला आठी नव्हती. मान हलली नाही, नजर खिरीवर गेली नाही. फक्त दोन तळहात एकमेकांवर आले.

आई थांबली. मग तिनं भाकरी आमटीत कुस्करून पुढं केली.

ओंजळ उघडली.

दुधी आला, ओंजळ उघडी होती. पुन्हा खीर आली. ओंजळ मिटली. मूग आले, उघडली. पुन्हा मूग. पुन्हा.

चेलना आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता तिला वाईट वाटेल, असं तिला प्रत्येक वेळी वाटत होतं.

आहार संपला. माताजी गेल्या. आई दारातच बसून राहिली आणि चेलनाशी तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"चार वेळा मूग घेतले गं माताजींनी. चार वेळा."

"खीर नाही घेतली."

"नाही घेतली." आईनं डोळे पुसले. ती हसत होती. "मूग घेतले की."

*

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले. आईनं पुऱ्यांची परात आणली.

चेलनानं ताटावर हात धरला.

आई थांबली. भाषणाची वाट बघत होती. पप्पाही घास हातात धरून बसले.

चेलना म्हणाली, "आई, आमटी वाढ ना अजून."

आईनं परात खाली ठेवली.

"सकाळचे मूग आहेत का गं?"

"आहेत की," आई म्हणाली, आणि आत जाऊन पातेलंच घेऊन आली.

त्या दिवसापासून चेलनानं नको हा शब्द तोंडातून काढला नाही. नको ते आलं की हात ताटावर जायचा. हवं ते आलं की ती दुसऱ्यांदा मागायची, तिसऱ्यांदा मागायची. दोडक्याची भाजी छान झालीय म्हणायची, आणि ती खरंच छान झालेली असायची. आठवड्यानं ती म्हणाली, "आई, भाकरी करशील? आजोळी करायचीस तशी?"

"तुला कुठं आवडते भाकरी."

"कुणी सांगितलं?"

"तूच. चौथीत होतीस."

दुसऱ्या दिवशी भाकरी झाली. चेलनानं दोन खाल्ल्या.

तीन आठवड्यांनी ती बस्तीत आली ती जवळजवळ पळतच.

"जमलं, माताजी. पुरी माझ्या ताटात येत नाही आता. पायात जोर आलाय, काल पटांगणाला सहा फेऱ्या मारल्या. आई एक शब्द बोलत नाही." ती दम घ्यायला थांबली. "मी जिंकले."

माताजी पिंछीची पिसं सारखी करत होत्या.

"पुऱ्या होतात अजून?"

"होतात. पण मी घेत नाही."

"मग कुठं जातात?"

चेलनानं उत्तर द्यायला तोंड उघडलं...

उरलेल्या पुऱ्यांकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"बघून ये," माताजी म्हणाल्या.

*

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर ती खोलीत गेली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली.

आई सगळ्यांच्या मागून जेवायची. पंधरा वर्षं चेलनाला हे माहीत होतं, आणि एकदाही तिनं ते पाहिलं नव्हतं.

बाहेर ऊन उतरत आलं होतं. दिवस बुडाला की जैन नेमाप्रमाणे आईला जेवता येत नसे, म्हणून ती घाईत होती. बसलीसुद्धा नव्हती. ओट्याशी उभी राहून खात होती. परातीत सहा पुऱ्या उरल्या होत्या. चेलनाच्या वाट्याच्या, पप्पांनी सोडलेल्या. सगळ्या गार आणि कडक झालेल्या. आई एक एक पुरी उरलेल्या शिऱ्याला लावून, खिडकीतल्या उजेडाकडे बघत भराभर गिळत होती. भाकरीच्या टोपलीत काही नव्हतं. आमटीचं पातेलंही रिकामं होतं.

ते चेलनानंच रिकामं केलं होतं. तिसऱ्यांदा मागून.

"आई, हे काय?"

आई दचकली. "काय म्हणजे? टाकून द्यायचं का? अन्न आहे."

चेलनाला खूप बोलता आलं असतं. तिला सगळे आकडे पाठ होते.

पण तिनं आमटीचं रिकामं पातेलं घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरावाला सुट्टी होती. ती शाळेतून थेट स्वयंपाकघरात आली, हात धुतले आणि ज्वारीचं पीठ परातीत घेतलं. पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरीचे काठ जाड झाले आणि मधे भोक पडलं.

आई दारातून बघत होती. तिला हसू आवरेना.

"हात ओला ठेव. आणि अशी बडवू नकोस तिला, फिरव."

चौथी फुगली.

"आई, आज तू आधी बस."

"मी? पप्पा यायचेत अजून."

"येतील. तू बस की."

"अगं, पण..."

चेलनानं पाट मांडला. ताट ठेवलं. तव्यावरची भाकरी तशीच वाफाळती ताटात घातली, वर तूप सोडलं, शेजारी दोडक्याची भाजी आणि आमटी वाढली.

आईनं एक घास तोडला. बोटं भाजली, म्हणून फुंकर घातली. मग दुसरा घास घेतला.

"किती गरम आहे गं," ती म्हणाली.

चेलना दुसरी भाकरी थापत होती. पाठमोरीच. तिला वळायचं नव्हतं.

आईनं दुसरी भाकरी मागून घेतली. जेवण संपवून ती हात धुवायला उठली आणि सहज बोलावं तशी म्हणाली,

"उद्यापासून पुऱ्या करत नाही मी. खातंय कोण?"

*

पुढं काय झालं ते गावानं पाहिलं.

मगदुमांच्या घरात पहिल्या दिवशी पप्पांनी ताट बघून विचारलं, "आजारी कोण आहे?"

"कुणी पडू नये म्हणून," आई म्हणाली, आणि भाकरी वाढली.

रत्नमालाचा हात मुळात चांगला होता. तो हात तिनं आता पडवळाला लावला, दुधीला लावला, मोड आलेल्या मटकीला लावला. पप्पा एकदा बोटं चाटत म्हणाले की एवढं सगळं येत होतं तर इतकी वर्षं दडवून का ठेवलं होतंस. तिघं एकाच वेळी बसू लागली. पातेलं मधोमध, टोपली हाताशी, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं.

तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या डावात चेलना साडेचार मिनिटं पळाली आणि बाद झाली नाही. शिट्टी वाजली तेव्हा तिच्यामागं धावणारी मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. चेलना खांबाशी सरळ उभी होती. आई पहिल्यांदाच मैदानावर आली होती. ती शेजारच्या बाईचा दंड इतका घट्ट धरून बसली होती की तिथं वळ उठले.

दिवाळीच्या आधी चेलनाच्या आणि पप्पांच्या तपासण्या झाल्या. चेलनाचं रक्त वाढलं होतं, साखर खाली आली होती. पप्पांची तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ होती, ती साडेसातवर आली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

दिवाळीत आईनं चिरोटे केले. थोडे. चेलनानं एक घेतला, सावकाश खाल्ला आणि आणखी एक मागितला. आईनं हसत वाढला.

*

चातुर्मास संपला. माताजींच्या विहाराचा दिवस आला. त्या पायी पुढच्या गावाला निघायच्या होत्या. भल्या सकाळी बस्तीपुढं बायका जमल्या.

गर्दीत कुसुमकाकींनी रत्नमालाला गाठलं.

"तुझ्या नवऱ्याची साखर उतरली म्हणे? आणि तूसुद्धा किती हलकी दिसतेस. हे सुचवलं कुणी गं तुम्हाला?"

"सुचवायचं काय त्यात," रत्नमाला म्हणाली. तिनं पदर सारखा केला. आवाज जरा चढला, कारण आता आणखी बायका ऐकत होत्या. "मीच ठरवलं. एक दिवस मनात आलं, म्हटलं बास झाल्या पुऱ्या. दुसऱ्या दिवसापासून बंद."

चेलना शेजारीच उभी होती.

तिनं आईकडे पाहिलं. सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. मोबाईलवरचा तो महिना, लाल पेनाची यादी, उपाशी काढलेले दोन दिवस...

आईचा चेहरा उजळला होता.

कुसुमकाकी चेलनाकडे वळल्या. "खरं का गं?"

"हो काकी. आईनंच ठरवलं."

आणि हे म्हणताना आपण खोटं बोलतोय, असं तिला वाटलं नाही.

माताजींनी कमंडलू उचलला होता. चेलनाचं उत्तर त्यांनी ऐकलं होतं. पायरी उतरून त्या चेलनासमोर थांबल्या. चेलनानं वाकून वंदन केलं.

"माताजी, जाताना मला एखादा नियम द्या."

नुकतं उजाडलं होतं. घरी अजून चूल पेटली नव्हती. चेलनाच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा गेला नव्हता.

माताजींनी तिच्याकडे पाहिलं... आणि पाऊल पुढं टाकत म्हणाल्या,

"कशाला? आज तू पोटभर जेवलीस."