रिकाम्या खुर्चीचा शब्द

पंचगंगेकाठच्या त्या मैदानावर सामना कोणाचाही असो, कडेला एक खुर्ची हार घालून रिकामी ठेवत. मैदान देणाऱ्या कैलासवासी सरनोबत सरकारांची ती खुर्ची.

त्या संध्याकाळी मुलींचा फुटबॉल सामना होता. शलाकाच्या संघाने अकरा गोल चढवले आणि दर गोलानंतर समोरच्या गोलरक्षक रुक्सानाच्या तोंडासमोर जाऊन त्या मुली नाचल्या. अकराव्या गोलाचा नाच थांबला, तरी टाळ्या थांबेनात. त्या रिकाम्या खुर्चीतून येत होत्या!

"शाब्बास!" खुर्ची बोलली. "शेवटची शिट्टी वाजली की हरलेल्याला मी नेणार. मला आकडे कळत नाहीत. नाचेल तो जिंकला, बसून राहील तो हरला. सरनोबतांचा शब्द आहे."

प्रेक्षक पळत सुटले. फाटक मात्र खेळाडूंना उघडेना. रुक्साना गोलखांबाला धरून उभी होती. हे आपल्याच नाचानं ओढवलंय, हे शलाकाला कळलं.

खेळ पुन्हा सुरू झाला. शलाकाने जीव खाऊन चेंडू मारला. रुक्सानाने झेप घेऊन तो अडवला.

"काय अडवलास गं!" शलाका ओरडली आणि तिचे हात धरून फुगडी घालू लागली. पाहता पाहता दोन्ही संघ जोड्या धरून गरगर फिरू लागले. पंचबाईही शेवटची शिट्टी वाजवून त्यांच्यात शिरल्या.

"यात हरलेली कोण?" खुर्ची गुरगुरली.

"सरकार, बसून राहिलेले एकटे तुम्हीच," शलाका म्हणाली. "आता शब्द पाळा."

खुर्ची कलंडली. ओल्या मातीत न दिसणाऱ्या पावलांचे ठसे उमटत उमटत फाटकाबाहेर गेले.

आता तिथे खुर्ची ठेवत नाहीत. सामना कितीही एकतर्फी होवो, शेवटी दोन्ही संघ फुगडी घालतात. न जाणो, फाटकाबाहेर कोणी वाट बघत असेल.