अक्काच्या चार घंटा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नाव आता कोणाला आठवत नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही.

त्या राज्यातल्या एका गावात घंटा ओतणारा एक ओतारी राहत असे. घरात त्याची बायको आणि थोरली विधवा बहीण. बहिणीला सगळा गाव अक्का म्हणे. आईबाप लवकर गेले, तेव्हा भावाला तिनंच वाढवलं होतं. अक्का बोलायला मोठी तिखट. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं, की ओतारी मुकाट भट्टीमागे जाई आणि अक्का पदर खोचून पुढे येई.

एके सकाळी दळता दळता अक्काच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पाय हळूहळू चालू लागला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं तिला सगळं कळे. स्वतःचं मात्र ओठांशी येऊन अडे. पाणी म्हणायला जाई आणि तोंडातून मीठ निघे. मग ती कपाळावर हात मारून घेई.

ओताऱ्याची बायको तेव्हा गरोदर होती. त्या गावची रीत अशी, की बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं. बारशाला ते आधी बाळाच्या कानात सांगायचं आणि मग चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं. अक्का कित्येक वर्षं या दिवसाची वाट पाहत होती. आता शेजारणी तिच्यासमोरच म्हणू लागल्या, "एखादी चुलत आत्या बोलावून घ्या. हिच्याकडून काय व्हायचंय?" जीभ गेली म्हणजे कानही गेले, असं का कोण जाणे, लोकांना वाटतंच. अक्का त्या दिवशी जेवली नाही.

ओतारी कासावीस झाला. तो एका बुवांकडे गेला. बुवांनी गळ्यात दोरा बांधला आणि सांगितलं, "पौर्णिमेला पोपटासारखी बोलेल." पौर्णिमा आली आणि गेली. मग त्यानं मोठ्या वैद्यांना घरी आणलं. त्यांनी मधात वेखंड उगाळून अक्काच्या जिभेला लावलं, सगळे प्रश्न ओताऱ्याला विचारले आणि अक्काकडे न बघताच पालखीत बसून निघून गेले.

शेवटी ओताऱ्यानं स्वतःची अक्कल चालवली. त्यानं चार छोट्या घंटा ओतल्या, प्रत्येकीचा नाद वेगळा. एक वाजली की पाणी, दुसरी वाजली की जेवण, तिसरी वाजली की अंथरूण, चौथी वाजली की परसाकडे न्यायचं. गावानं तोंडात बोट घातलं. म्हणाले, भाऊ असावा तर असा! अक्काला आता तोंड उघडायची गरजच उरली नाही, आणि तिनं ते उघडणं सोडून दिलं.

एके दिवशी मात्र तिनं चारही घंटा एकदम वाजवल्या. ओतारी पाणी घेऊन धावला, ताट घेऊन धावला. तिनं सगळं ढकललं आणि ती ढसाढसा रडू लागली. तिला काय हवं होतं ते त्याला कळलं नाही. त्याच्या बायकोनं तेव्हा त्याला सांगितलं, "अहो, नदीपलीकडे एक वैद्यीण आहेत म्हणे. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवतात. एकदा जाऊन तर बघा."

ओतारी अक्काला गाडीत घालून निघाला. वैद्यीणबाईंनी त्याला नमस्कार केला आणि अक्कासमोर पाट घेऊन बसल्या. "अक्का, तुम्हांला काय बोलावंसं वाटतं?"

"तिला ना, बाई..." ओतारी सांगू लागला.

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाल्या.

मग त्या गप्प बसून राहिल्या. अक्का धडपडली, लाल झाली, शेवटी एवढंच म्हणाली, "बा... बाळ." किती दिवसांनी तिनं धड शब्द काढला होता! ओताऱ्याचे डोळे भरून आले.

"किती दिवसांत बरी होईल?" त्यानं विचारलं.

"सांगता येत नाही. पूर्वीसारखं सगळं येईलच असंही नाही."

"बुवांनी तर पौर्णिमा सांगितली होती!"

"मग त्यांच्याकडेच जा," बाई शांतपणे म्हणाल्या. "नाही तर आज इथं बसून बघा मी काय करते ते. जे शिकताहेत त्यांना विचारा. पटलं तर या."

ओतारी दिवसभर बसला. त्यानं एका म्हाताऱ्या सुताराला आपल्या हत्यारांची नावं एकेक करून परत मिळवताना पाहिलं. सोबत आलेल्या सुताराच्या सुनेला विचारलं, तिनं खरं ते सांगितलं: वेळ लागतो, पण फरक पडतो. ओताऱ्याला पटलं.

निघताना त्यानं मोठ्या अभिमानानं घंटांची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "छान केल्यात. काढू नका, त्यांची मदतच आहे. पण मला सांगा, अक्कांना तुमच्याशी भांडायचं असलं, तर कुठली घंटा वाजवायची?"

ओताऱ्यानं मनातल्या मनात चारही घंटा मोजून पाहिल्या. अक्का मात्र खळखळून हसली.

"साच्यात धातू ओतल्यावर तो निवायच्या आत साचा फोडता का?" बाईंनी विचारलं.

"छे! घंटा वाया जाईल."

"मग त्यांचं वाक्य का फोडता? तुम्ही विचारायचं आणि थांबायचं. त्यांनी हात दाखवला, खूण केली, चुकीचा शब्द आला, तरी चालेल. पण त्यांचं त्यांना पुरं करू द्यायचं."

हे काम भट्टी फुंकण्याहून कठीण निघालं. ओताऱ्याची जीभ सारखी वळवळे. अक्कानं "भा..." म्हटलं की याच्या तोंडून "भाकरी, भाजी, भात" बाहेर पडे, आणि अक्का डोळे वटारी. पुढच्या खेपेला बाईंनी तिला जात्याशी बसवून ओव्या म्हणायला लावल्या, तर सुरासोबत शब्द आपोआप आले. ओतारी नाचायचाच बाकी होता. बाई म्हणाल्या, "गाणं वेगळ्या वाटेनं येतं. आता त्या वाटेनं बोलणं आणू." मग रोज घरी तालावर बोलणं सुरू झालं. शेजारणींना ओताऱ्याच्या बायकोनं बजावलं, "वन्संशी ओरडून बोलू नका. त्या बहिऱ्या नाहीत आणि लहानही नाहीत."

मुलगी झाली. ओताऱ्यानं फार विचार करून अक्काला सांगितलं, "अक्का, आपण उमा ठेवू. दोनच अक्षरं. तुला सहज म्हणता येईल." अक्कानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ती बाळाकडे वळली. ओताऱ्यानं मात्र शेजारीपाजारी उमाच ठरल्याचं सांगून टाकलं.

बारशाला अंगण भरलं. अक्का पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात पुटपुटली. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. मग ती उभी राहिली. सगळे थांबले.

"भा... भागी..."

"जीभ घसरली बिचारीची," एक शेजारीण म्हणाली. "उमा म्हणायचंय तिला. म्हणा गं, उमा!"

बायका म्हणणारच होत्या. अक्कानं घाबरून भावाकडे पाहिलं. ओताऱ्यालाही वाटलं, जीभच घसरली असणार. शब्द त्याच्या ओठांवर आला होता. तो त्यानं गिळला.

"थांबा," तो म्हणाला. "अक्का, तुला कोणतं नाव हवंय?"

अक्कानं डाव्या हातानं पाळण्याच्या दांड्यावर ताल धरला.

"भा. गी. र. थी."

"पण अक्का, मी तुझ्यासाठी सोपं नाव..."

"सोपं... माझ्यासाठी," अक्का एकेक शब्द ओढून काढत म्हणाली. "नाव... पोरीचं."

ओताऱ्याची मान खाली गेली. मग त्यानंच पहिल्यांदा पाळण्याची दोरी ओढली आणि मोठ्यानं म्हटलं, "भागीरथी!" त्यामागून सारं अंगण म्हणालं. पुढे अक्का पुष्कळ वर्षं जगली. सगळी वाचा काही परत आली नाही, पण भावाशी भांडण्यापुरती आली, आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायला सारं गाव शिकलं.

तात्पर्य: ज्याची वाचा अडली, त्याच्यासाठी जाणता गुरू शोधावा आणि अडलेल्याच्या तोंडी आपले शब्द न घालता त्याला आपला वेळ द्यावा.