ओल्या कुरडया

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा चिमण्या माणसांशी बोलायच्या आणि माणसांना ऐकायला सवड असायची. म्हणजे, बहुतेकांना असायची.

डोंगराच्या पायथ्याशी एका घरात आई, बाबा, एक चिमुरडी मुलगी आणि तिचा भिंत धरून उभा राहणारा भाऊ राहत होते. चैत्र लागला, उन्हं तापली आणि आईनं वाळवणं काढली. बाबा दिवसभर रानात. पावसाळ्यात त्या भागात भाजीचं पान मिळत नसे, म्हणून आई बिचारी उजाडल्यापासून राबायची. तिला नावं ठेवू नका, पोटच्या पोरांसाठीच चाललं होतं सगळं.

मुलगी अंगणातून हाक मारायची, "आई, ये ना! वळचणीला चिमणीची पिल्लं आलीत!"

"वाळल्यावर येते हं!" आई म्हणायची.

पोरीला ते खरंच वाटलं. ती कुरडयांपाशी जाऊन बसली. बोट लावून बघायची, पळसाच्या पानानं वारा घालायची. संध्याकाळी धावत आली, "आई, वाळलं!"

पण आई तोवर उद्याच्या सांडग्यांची डाळ भिजत घालत होती. "आता उद्याचं वाळल्यावर, बाळा."

असं रोज चाललं. पिल्लांना पंख फुटले, ते आईनं पाहिलं नाही. भावानं भिंत सोडून पहिलं पाऊल टाकलं, तेही नाही. मग हाका कमी झाल्या आणि एक दिवस थांबल्याच. आईला वाटलं, पोर शहाणी झाली!

एका दुपारी आई ओट्यावर बसून कुरडया पाडत होती. अंगणातल्या कुरडया अर्ध्या वाळल्या होत्या. ओली कुरडई म्हणजे पोरीचा जीव की प्राण. आईनं एक उचलली आणि हाक मारली, "ये गं, ओली कुरडई खायला!"

मुलगी चिखलाचे पापड थापून उन्हात मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाळल्यावर येते हं!"

आई आधी हसली. मग आपलेच शब्द ओळखून तिनं हातातली कुरडई खाली ठेवली.

वळचणीची चिमणी म्हणाली, "बाई, माझी पिल्लं उडून गेली. तुझ्या लेकीनं तुला किती हाका मारल्या! मला घरट्यात ऐकू यायच्या."

"अगं, पण पावसाळ्यात पोरं खातील काय?" आईचे डोळे भरून आले.

"कुरडया खातील की. पण लेक हाक मारायचीच विसरली, तर ती हाक कुठल्या डब्यातून काढशील?"

चुलीवर कुरडयांचा चीक रटरटत होता. गरम असतानाच पाडला नाही, तर तो वाया जातो. आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, पातेलं खाली उतरवलं आणि सरळ अंगणात जाऊन चिखलाच्या पापडांपाशी बसली.

"तुझे वाळेपर्यंत मी इथंच आहे," ती म्हणाली.

मुलीनं संशयानं पाहिलं. आई उठत नाही असं दिसल्यावर हळूच म्हणाली, "आई, बाळ चालतं. दाखवू?"

तिनं भावाला पलीकडच्या भिंतीशी उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या. बाळानं आईला पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि निघालं ते थेट ओल्या कुरडयांवरूनच! मुलगी घाबरून ओरडली, "आई, तुझं वाळवण!"

"येऊ दे गं त्याला," आई म्हणाली आणि तिनं दोघांनाही कुशीत घेतलं. ती रडतही होती आणि हसतही होती.

त्या वर्षी डबा थोडा रिकामाच राहिला. पण पावसाळ्यात कुरडया तळायला बसलं की मुलगी डब्यात हात घालून आधी चपट्या कुरडया शोधायची आणि हाक मारायची, "आई, ये ना! बाळाच्या पायाची सापडली!"

आणि आई हातातलं काम टाकून यायची.

तात्पर्य: वाळवण उद्याही घालता येतं, लेकराची हाक मात्र ओली असतानाच ऐकावी.