अहो, शनवार लागला

चिंचखारच्या खाडीवाटेला हा दगडी घाणा दिसतो ना, त्याच्याभोवतीच्या रिंगणात गवताची काडी उगवत नाही. फोटो काढा खुशाल, पण रिंगणात पाय देऊ नका. का, ते सांगतो.

हा घाणा एलोजी तेल्याचा. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, गावच्या तोंडी शनवार तेली. शनवारी आमचा घाणा बंद, चूल बंद, बैलालाही सुट्टी. देवाची तशी आज्ञाच आहे. एलोजी मात्र कामाचा हावरा. एका शनवारी त्यानं दार लावून घाणा जुंपला. बायको मिलकाबाई आडवी आली, "अहो, मुक्या जनावराचा तरी विचार करा." तर हसून म्हणतो कसा, "डोळ्यांना झापड आहे त्याच्या. बैलाला कुठं वार कळतो!" त्याच पावसाळ्यात तो तापानं गेला. चूक निस्तरायची तशीच राहिली.

पुढं गोठ्यात खोंड जन्मला, वाढला, घाण्याला लागला. तर काय, दर शनवारी हा न जुंपता उठायचा आणि रिकाम्या घाण्याभोवती कण्हत फिरायचा. बांधला तर दावं तोडायचा.

कोचीनकडून आलेल्या एका म्हाताऱ्या धर्मगुरूनं ते पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. "बाई, हा तुझा नवरा. मोडलेलं नीट करायला जीव पुन्हा येतो. आमच्या जुन्या विद्येत त्याला गिलगुल म्हणतात, जिवाचा फेरा. एक शनवार हा आपणहून थांबला की सुटला."

"सुटला म्हणजे?"

"जाईल."

मिलकाबाईला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. गेलेलं माणूस कुणाला परत मिळतं हो? ती त्याला हातानं भाकरी भरवायची, घरातलं बरंवाईट सांगायची. झापड मात्र कधी सोडायची नाही. वार कळला तर थांबेल, ही धास्ती. शनवारी कण्हणं सुरू झालं की कानांवर हात ठेवून बसायची. बैल झिजला, खूर फुटले, रिंगणात रक्त सांडू लागलं. पाप आधी एकट्या नवऱ्याचं होतं, आता आपलंही झालं, हे तिला खाऊ लागलं.

शेवटी एका शुक्रवारी दिवेलागणीला, आमचा शनवार तेव्हाच लागतो, तिनं शब्बाथचा, म्हणजे त्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा गोठ्यातच लावला. झापड सोडली. नवऱ्याचं नाव कसं घेणार? कानाशी वाकून म्हणाली, "अहो, शनवार लागला. आता बसा."

बैलानं दिव्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि गुडघे टेकले. शनवारचा अख्खा दिवस तो बसून होता, ती त्याच्या मानेवर हात ठेवून. आकाशात चांदण्या दिसल्या, शनवार सरला, आणि त्यानं मान टाकली. मिलकाबाई दुसऱ्यांदा विधवा झाली. तिचा हंबरडा म्हणे खाडीपलीकडं ऐकू गेला.

आमची घरं आता बहुतेक इस्रायलला गेली. पण आजही चिंचखारात बैलाला कुणी 'अरे' म्हणत नाही; माणूस कुठल्याही जातीचा असो, 'अहो'च म्हणतो. आमच्या गोठ्यात तर बैलही उरला नाही. तरी शुक्रवारी दिवेलागणीला माझी बायको तिथं दिवा ठेवते आणि रिकाम्या दावणीला सांगते, "अहो, शनवार लागला. आता बसा."