पन्नासचा फिल्टर

सातारच्या फोटोग्राफी क्लबात अध्यक्ष भास्करराव इनामदारांचा शब्द खाली पडू द्यायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे रुक्साना अत्तारनं आजोबांची जुनी लेन्स आणली आणि काचेवर ओरखडा पडू नये म्हणून कोणता फिल्टर लावू, असं विचारलं, तेव्हा सगळे त्यांच्याकडेच पाहू लागले.

भास्कररावांनी लेन्सच्या कडेला कोरलेला आकडा मोठ्यानं वाचला. "पन्नास मिलिमीटर. म्हणजे फिल्टर पन्नासचा!" आपल्या पेटीतून तसा फिल्टर काढून ते बसवायला लागले. तो बसेना, तसे ते आणखी जोर लावू लागले. रुक्सानाचा जीव वरखाली होत होता, पण अध्यक्षांना थांबवणार कोण?

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या सुलभा तांबटांना राहवेना. "साहेब, आटे जातील! या लेन्सला एकोणपन्नासचा लागतो. पन्नास ही तिची फोकल लेंग्थ आहे, तोंडाचं माप नव्हे."

"बाई, कोरलेलं काय खोटं असतं?"

"खोटं कशाला असेल? तुमच्या बंगल्यावरही संगमरवरात बारा नंबर कोरलाय. म्हणून सुतारानं बारा फुटी दार बसवलं का?"

हशा पिकला. सुलभाताईंनी पिशवीतला एकोणपन्नासचा फिल्टर काढला. तो दोन फेऱ्यांत अलगद बसला. रुक्सानानं लेन्स छातीशी धरली.

"मी तुमची परीक्षाच घेत होतो," भास्करराव घाम पुसत म्हणाले.

"जरूर घ्या, साहेब," सुलभाताई म्हणाल्या, "फक्त पुढच्या परीक्षेला लेन्स स्वतःची आणा."