चपलांवर डोळा

“प्रार्थनेत डोळे का मिटत नाहीस, नथनेल?”

इथपासून लिहा, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. मंडळीच्या मासिकात माझी साक्ष पाहिजे म्हणे, देवाचा आलेला अनुभव. तिसरीत शाळा सोडलेला माणूस मी, माझ्याकडून लिहून घेऊन कोणाचं भलं होणार? पण तीन रविवार मागे लागलेत. घ्या.

विचारत होत्या राहेलबाई. आमच्या गावच्या बायबलबाई, घरोघर वचन सांगत फिरायच्या.

“नाताळात देवळाच्या पायरीवरनं माझ्या चपला गेल्या,” मी म्हणालो. “मंडळीतल्याच कोणीतरी नेल्या. तेव्हापासून दारापाशी बसतो. डोळे उघडे ठेवून.”

“दिसतं मला ते.”

“म्हणजे तुमचेही उघडेच असतात.”

“कोणीतरी राखायला नको का…”

हे बोलणं चाललेलं मिशन दवाखान्याच्या व्हरांड्यात. आत माझी बायको मार्था, पोटात गाठ. ऑपरेशनच्या कागदावर माझी सही हवी होती. दोन दिवस तो कागद माझ्या खिशात. इंग्रजी कागदावर सही करून माणसं काय काय घालवून बसतात, ते मी पाहिलेलं.

कागद बाईंपुढे धरला. “वाचा. आहे तसं वाचा.”

बाईंनी चष्मा चढवला. “लिहिलंय, बाई दगावली तर आम्हाला बोल लावू नका.”

“बघा. आधीच हात झटकून मोकळे.”

“हो.”

“आणि तुमचा देव? तो काय लिहून देतो?”

बाई कागदाची घडी घालत राहिल्या…

“काहीच नाही.”

“मग भरवसा कशावर ठेवू?”

“हे दोन दिवस कशावर ठेवला होतास?”

सही केली मी. रागानं केली. भरवसा-बिरवसा काही नव्हता, उगाच खोटं कशाला लिहू.

मार्थाला आत नेलं.

“चल, प्रार्थना करू,” बाई म्हणाल्या. “आज मिटून.”

मी चपला काढल्या. शेजारी माझा मेव्हणा शमुवेल बसलेला, मार्थाचा धाकटा भाऊ. सकाळी येताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून अनवाणी. मी माझ्या चपला त्याच्यापासून लांब, दुसऱ्या अंगाला ठेवल्या.

मिटले डोळे.

बाईंचा आवाज चालू होता. मध्येच दार वाजलं. सिस्टर घाईनं काहीतरी बोलली. कोणीतरी उठलं, पळालं. मी मिटलेलेच ठेवले. कसे ठेवले, माझं मला ठाऊक.

आमेन म्हटलं, बघतो तर चपला नाहीत.

“बाई, तुमचे डोळे उघडे होते?”

“होते.”

“कोणी नेल्या, पाहिलंत?”

“पाहिलं.”

“मग हाक नाही मारायची मला?”

“तू प्रार्थनेत होतास.”

मी उठलो.

“बस खाली,” बाई म्हणाल्या. “मीट परत. आता तर राखायलाही काही उरलं नाही.”

“मार्था आहे आत.”

“तिला तू राखतोयस?”

बसलो मी खाली.

किती वेळ गेला, माहीत नाही. पावलं वाजली म्हणून डोळे उघडले. फाटकातून मेव्हणा धावत येत होता. भर उन्हाचा, घामानं निथळलेला. छातीशी रक्ताची बाटली. पायात माझ्या चपला. त्यांच्यासकट तो तसाच आत गेला.

“विचारायचं तरी,” मी म्हणालो. “माफी मागायला पाहिजे त्यानं.”

“मागेल,” बाई म्हणाल्या. “आधी बाटली रिकामी होऊ दे.”

बाटली रिकामी झाली. मार्था पुढं एकवीस वर्षं नांदली. बाईही गेल्या.

माफी तेवढी राहिलीय, शमुवेल पातारे.