कोंबडीएवढी राहुटी

फार फार पूर्वी, जेव्हा थंडी आतापेक्षा जास्त हट्टी होती आणि माणसंही, तेव्हा डोंगरांच्या पलीकडे एक सरोवर होतं. हिवाळा आला की ते या काठापासून त्या काठापर्यंत गोठायचं. काठावर एक गाव होतं. उन्हाळ्यात गावकरी जव पिकवत, पण हिवाळ्यात त्यांचं पोट बर्फाखालच्या माशांवर चाले.

बर्फाखालचे मासे पकडायचे कसे, असं तुम्ही विचाराल. काम सोपं आहे, फक्त थंडी वाजते. पहारीने बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि बसून राहायचं. वारा हाडं गोठवतो, म्हणून वर कातड्याची राहुटी हवी. बर्फाला एका जागी फार वजन आवडत नाही, म्हणून एका भोकाशी एकाच माणसाने बसायचं, असा गावाचा नियम होता. प्रत्येक घराची सरोवरावर ठरलेली जागा होती. एखादी जागा अख्खा हिवाळा रिकामी राहिली, तर ती दुसऱ्याने घ्यायची, हाही नियमच.

नियम शहाणे होते. पण गावाला एक खोडही होती. पहिल्या दिवशी राहुटी उभारली की तिच्या घेरावर बादलीने पाणी ओतायचं. पाणी गोठलं की राहुटी बर्फात घट्ट रोवली जायची, ती थेट वसंतापर्यंत. मग काठावर उभं राहून सगळ्यांनी बघायचं, कोणाची सगळ्यात उंच? ज्याची राहुटी उंच त्याचं घर मोठं. मासे किती मिळाले हे मात्र कोणी विचारत नसे. आहे की नाही गंमत?

त्या गावात एक बाई राहायची. उंचीने बेताची, हट्टाने भरपूर. तिचा नवरा रेड्यासारखा दणकट होता आणि त्याची राहुटी गावात सर्वात उंच होती. आतून लोकरीचा जाड नमदा, वरून दुहेरी कातडं. तो ती एकटा खांद्यावर टाकून काळ्या डोहापर्यंत न्यायचा. काळा डोह म्हणजे सरोवराचा सगळ्यात खोल भाग. काठापासून लांब, पण मासे तिथलेच सर्वात पुष्ट. ती जागा या घराला आजोबा-पणजोबांपासून होती.

त्या वर्षी छपरावरचा बर्फ ओढता ओढता नवरा खाली आला आणि त्याचा पाय मोडला. घरात दोन लहान लेकरं. कणगीत जव जेमतेम.

"मी जाते डोहावर," बाई म्हणाली.

नवरा अंथरुणात उठून बसला. "तू? अगं, ती राहुटी तुला हलणार तरी आहे का?"

"मग दुसरी बघीन."

तेवढ्यात तिचा धाकटा दीर विचारपूस करायला आला. तो वाईट नव्हता, पण त्याचा डोळा त्या जागेवर फार दिवसांपासून होता. त्याची स्वतःची जागा डोहाच्या पलीकडच्या उथळ भागात होती आणि तिथे बोटाएवढे मासे मिळायचे.

"वहिनी, तुम्ही घरी बसा," तो म्हणाला. "दादाच्या जागेवर मी बसतो. तुम्हाला मासे आणून देईन की."

"आणि पुढच्या वर्षी जागा कोणाची म्हणायची, भावोजी?"

दिराने शेगडीकडे बघितलं आणि हात शेकायला घेतले. बाईला उत्तर मिळालं. तिने हातमोजे चढवले, दोघा शेजाऱ्यांकडून नवऱ्याची राहुटी उचलवली आणि ती घेऊन राहुट्या शिवणाऱ्या म्हाताऱ्याचं अंगण गाठलं.

"आजोबा, ही घ्या आणि मला एकटीला पुरेल अशी द्या."

म्हातारा गावातल्या सगळ्यांच्या राहुट्या शिवायचा आणि सगळ्यांवर खेकसायचा. त्याने अंगणात एक नवी राहुटी उभी केली. आत मऊ नमदा, वर कोल्ह्याच्या कातड्याची झालर. "बघ, आत बस. आईच्या कुशीत बसल्यासारखं वाटेल."

बाई आत बसली. खरंच ऊब होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आता ही बर्फावर नेऊन बघते."

"बर्फावर?" म्हातारा खेकसला. "आजवर सगळ्यांनी इथंच बघितलंय. राहुट्या बघायला येतात लोक, फिरवायला नाही!"

"वापरायची बर्फावर, तर बघायचीही बर्फावर. आणि तुम्ही हात लावायचा नाही. तिथे मला कोण हात लावायला येणार आहे?"

म्हातारा बडबडत बाजूला झाला. बाईने राहुटी पाठीवर घेतली आणि काठापर्यंत नेली. तिथवर जमलं. बर्फावर मात्र पाय घसरायला लागले, आणि ती मधला खांब उभा करायला गेली तर खांब तिच्याच डोक्यात बसला. तिने पुन्हा केला, पुन्हा पडला. टेंगूळ चोळत ती राहुटी परत घेऊन आली.

दुसरी राहुटी होती लाल-पिवळ्या कापडाची, पिसासारखी हलकी. झटक्यात उघडायची. बाईला ती फार आवडली. आपल्याला नाही का आवडत असं काही? पण बर्फावर वाऱ्याची एक झुळूक आली आणि राहुटी निघाली फिरायला. बाई तिला धरून कितीतरी लांब फरफटत गेली. काठावरची माणसं पोट धरून हसली. तिच्या गुडघ्याचं साल निघालं, डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने वाऱ्यावर ढकललं. लंगडत ती पुन्हा अंगणात आली.

"आता काय आहे?"

"आता काही नाही," म्हातारा म्हणाला. पण कोपऱ्यात काहीतरी झाकलेलं होतं, आणि बाईची नजर तिथेच गेली. म्हातारा ओशाळला. "ते होय? माझी पाठ धरली होती त्या वर्षी केलं होतं स्वतःसाठी. लोक इतके हसले की पुन्हा काढलं नाही."

ती होती एक घसरगाडी, म्हणजे बर्फावरून ओढायची बिनचाकी गाडी. माणूस आडवा होऊ शकेल एवढी लांब. तिच्यावर बसायला एक फळी, आणि मागच्या कडेला दोन बाकदार काठ्यांवर साध्या कातड्याचं पांघरूण घडी करून ठेवलेलं. गाडी ओढत न्यायची, भोकाशी थांबवायची, फळीवर बसायचं आणि डोक्यावरून पदर घ्यावा तसं ते पांघरूण मागून पुढे ओढून घ्यायचं. झाली राहुटी. खुंट्या नाहीत, घेरावर पाणी नाही. बसणाऱ्याच्या वजनानेच ती जागेवर राहायची.

बाईने ती बर्फावर नेली. जाड हातमोजे घालून पांघरूण ओढलं, मागे टाकलं, पुन्हा ओढलं. वारा आला, गाडी जराशी हलली आणि थांबली. आत थंडी होती, पण सोसवेल इतकी. मान वर करायला मात्र जागा नव्हती.

"हीच घेते," ती म्हणाली.

मोठी राहुटी म्हाताऱ्याकडे राहिली आणि त्याच दिवशी दिराने ती आपल्या राहुटीच्या बदल्यात उचलली. लहानपणापासून त्याला ती हवी होती. दोन मित्रांना सोबत घेऊन त्याने ती आपल्या जागेवर उभी केली आणि घेरावर इतकं पाणी ओतलं की हत्तीलाही ती उपटता आली नसती.

काठावर गाव जमलं. दिराची राहुटी सगळ्यात उंच! आणि डोहावर ते बुटकं काय बसलंय?

"कोंबडी अंड्यावर बसलीय!" कोणीतरी ओरडलं आणि त्या दिवसापासून बाईच्या राहुटीला कोंबडी हेच नाव पडलं.

घरी नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. "गावात मान खाली घालायला लावलीस," तो म्हणाला.

बाईला ते फार लागलं. लोकांचं हसणं तिने झटकलं होतं, पण हे झटकता येईना. तरी पहाटे ती उठली, गाडीचा दोर खांद्याला लावला आणि निघाली. रोज निघाली. बोटं सुजली, ओठ फुटले. गळ रिकामा आला त्या दिवशीही दुसऱ्या दिवशी निघाली. हळूहळू तिला मासे लागायला लागले, लेकरांची पोटं भरू लागली, आणि नवराही भिंतीकडे तोंड करूनच का होईना, माशाचं कालवण दोनदा मागून घेऊ लागला.

हिवाळा अर्धा सरला. एका दुपारी वारा अचानक फिरला आणि दक्षिणेकडून उबदार हवा आली. काठावर पोरांनी टोप्या काढून नाचायला सुरुवात केली. पण बाईच्या राहुटीचं कातडं पातळ होतं, आणि त्यातून तिला खालून एक आवाज ऐकू आला. जुनं दार कोणी हळूच उघडावं तसा. पुन्हा आला, आता जवळून.

तिने गळ ओढला, पांघरूण मागे टाकलं आणि दोर खांद्याला लावला. उठायला आणि निघायला तिला तेवढाच वेळ लागला. बाकीचे लोक काठाजवळच होते, ते राहुट्या टाकून पळत सुटले. बाईही काठाकडे वळली, आणि वळता वळता तिने मागे बघितलं.

दिराची उंच राहुटी तशीच उभी होती. जाड नमद्याआड त्याला आवाज ऐकूच आला नव्हता. बर्फ हादरला तेव्हा तो बाहेर आला, पण पळायचं सोडून पहारीने घेर फोडायला लागला.

बाई उलटी फिरली. ती पोचली तेव्हा तिच्या आणि त्याच्या मध्ये बर्फाला फट पडली होती. आत काळं पाणी दिसत होतं आणि फट रुंद होत होती.

"भावोजी, सोडा ते! या इकडे!"

"थोडंच राहिलंय, वहिनी! एक बाजू सुटलीय!"

"अहो, बर्फ सुटतोय!"

"दादाची राहुटी आहे ही!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पहार थांबत नव्हती. "आमच्या आजोबांनी त्याला दिलेली! ही टाकून कसा येऊ?"

बाई जिवाच्या आकांताने ओरडली, "राहुटी बुडाली तर तुमचे दादा चार दिवस चिडतील. तुम्ही बुडालात तर ते जन्मभर जेवणार नाहीत!"

दिराचा हात थांबला. बाईने गाडी फटीवर आडवी ढकलली. पुढचं टोक पलीकडच्या बर्फावर टेकलं, आणि अलीकडचं टोक तिने आडवं पडून छातीखाली दाबून धरलं. "या आता. रांगत या."

तो रांगत आला. शेवटी त्याचा एक पाय पाण्यात गेला, पण तिने त्याचा पट्टा धरून त्याला खेचलं. थंडीने त्याचे दात वाजू लागले. तिने त्याला गाडीत बसवलं, वरून पांघरूण ओढलं आणि स्वतः दोर खांद्याला लावला. त्या राहुटीत दोन माणसं मावत नव्हती, म्हणून ती बाहेर राहिली आणि ओढत राहिली.

काठावर तिचा नवरा कुबडी घेऊन उभा होता. त्याने आपली उंच राहुटी बर्फासकट वाहत जाताना पाहिली. ती कलली आणि पाण्यात गेली. राहुटीत भाऊ होता हे त्याला ठाऊक होतं. बायको कुठे होती, ते ठाऊक नव्हतं.

मग उबदार हवेने बर्फावर उठलेल्या धुक्यातून एक बुटकी वस्तू हळूहळू काठाकडे सरकताना दिसली. कोणी हसलं नाही.

बाई काठावर आली आणि गुडघ्यांवर कोसळली. नवऱ्याने भावाचा ओला बूट काढून त्याचे पाय आपल्या कांबळ्यात गुंडाळले, आणि बायकोची सुजलेली बोटं तोंडाच्या वाफेने ऊब देत तो रडला.

"तुमची राहुटी गेली हो," ती म्हणाली.

"जाऊ दे. तू आलीस ना, आणि याला घेऊन आलीस. मला बाकी काही नको."

काही दिवसांनी पुन्हा कडाक्याची थंडी पडली आणि सरोवर गोठलं. ज्यांच्या राहुट्या बुडाल्या होत्या ते घरी बसले. बाई आपली गाडी घेऊन डोहावर गेली आणि वसंत येईपर्यंत जात राहिली. जागा तिच्या घराचीच राहिली. दीर रोज सकाळी काठापर्यंत तिची गाडी ओढून द्यायचा, आणि संध्याकाळी ती त्याच्या घरासाठी मासे बाजूला काढायची. जागेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात सरोवर गोठलं तशी म्हाताऱ्याच्या अंगणात गर्दी झाली. म्हातारा सगळ्यांवर खेकसत होता, "इथं काय बघताय? एकट्याने बर्फावर न्या, उघडा, मिटा आणि परत आणा. जमली तर तुमची!"

बाईचा नवराही बरा होऊन तिथे आला होता. एक छान उंच राहुटी त्याच्या डोळ्यांत भरली. त्याने हळूच बायकोकडे बघितलं.

"आधी बर्फावर," बाई म्हणाली.

एवढा दणकट माणूस, पण निमूटपणे हातमोजे घालून निघाला.

बोध: आपल्याला एकट्याला पेलायचं असेल, तेव्हा लोकांना मोठं दिसेल असं निवडू नये, संकटात एकट्याने उचलून निघता येईल असं निवडावं.